हायडेलबर्गचा पडका किल्ला

हायडेलबर्ग हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलं असेल तर बहुधा गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे. धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांचा अभ्यास करणारे हे जर्मन पंडित तिथल्या विद्यापीठात शिकवत असत. १९९२ साली ते गेले. त्यांच्याविषयी कधीतरी सवडीने लिहायचं आहे. आज लिहायचं आहे ते त्यांच्या गावातल्या डोंगरउतारावरच्या किल्ल्याविषयी.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकात जर्मनी यायचा तो मार्टिन ल्यूथरबरोबर, मग एकदम बिस्मार्क आणि त्यानंतर हिटलर. मधली शतकं रिकामीच. काही वर्षांपूर्वी लेकीकडे महिनाभर राहणं झालं, तेव्हा हा किल्ला दोनदा पाहिला आणि परत आल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. थोडं लांबेल, तेव्हा चहाचा कप घेऊनच बसा.

गाव नेकर नदीच्या काठी आहे. नदीवरच्या जुन्या पुलावर उभं राहून वर पाहिलं, की गर्द झाडीत लालसर दगडाचा किल्ला दिसतो. गावापासून जेमतेम ८० मीटर उंच. आपल्या गडांच्या मानाने टेकाडच म्हणायचं! आत गेल्यावर मात्र पाऊल थबकतं. चौकाच्या एका बाजूला पुतळ्यांनी भरलेली सुंदर दर्शनी भिंत आहे आणि तिच्या वरच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं. छप्पर नाही, माड्या नाहीत, नुसती भिंत. तिच्या शेजारची इमारत धडधाकट आणि पुढे एक बुरूज मधोमध चिरलेला. हे सगळं एकाच आवारात कसं काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच या किल्ल्याचा इतिहास.

जर्मन भाषेत दोन शब्द आहेत. 'बुर्ग' म्हणजे लढाऊ किल्ला आणि 'श्लॉस' म्हणजे राजवाडा. हायडेलबर्गचा हा आधी बुर्ग होता, मग श्लॉस झाला. १२२५ सालच्या एका कागदात इथल्या किल्ल्याचा पहिला उल्लेख सापडतो. वर डोंगरात आणखी एक जुना किल्ला होता. १५३७ साली त्यात साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडली आणि तो उडाला. राहिला तो हा खालचा.

इथे राहणारे राजे 'पॅलाटिनेट' नावाच्या मुलखाचे धनी. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता, शेकडो लहानमोठ्या संस्थानांचा पसारा होता आणि त्यावर नावाला एक सम्राट. हा सम्राट निवडण्याचा हक्क मोजक्या सात जणांना होता, त्यांना इलेक्टर म्हणत. पॅलाटिनेटचा राजा त्या सातांपैकी एक. म्हणजे मुलूख बेताचाच, पण मान मोठा. याच घराण्यातल्या रुप्रेश्त पहिल्याने १३८६ साली विद्यापीठ काढलं, तेच हे सोन्थायमरांचं विद्यापीठ. तिसरा रुप्रेश्त तर १४०० साली सगळ्या जर्मन लोकांचा राजा म्हणून निवडला गेला.

पुढचे राजे एकामागून एक इमारती बांधत गेले. ती रिकाम्या खिडक्यांची भिंत ओटहाइनरिश या राजाच्या महालाची. त्याला राज्य करायला मिळालं फक्त १५५६ ते १५५९. तीन वर्षांत त्याने जो महाल उभारायला घेतला, तो जर्मनीतल्या त्या काळच्या नव्या शैलीचा नमुना मानला जातो. भिंतीवर बायबलमधले शूर पुरुष आणि रोमन देवता शेजारीशेजारी उभ्या आहेत. शेजारचा धडधाकट महाल फ्रीडरिश चौथ्याचा, १६०१ ते १६०७ मधला. त्याच्या भिंतीवर देवांऐवजी स्वतःचे पूर्वज उभे आहेत. दोन राजांच्या स्वभावातला फरक भिंतींवरच वाचावा!

या चौथ्या फ्रीडरिशचा मुलगा फ्रीडरिश पाचवा. १६१३ साली त्याचं लग्न इंग्लंडच्या राजाच्या मुलीशी, एलिझाबेथशी झालं. दोघांचीही वयं १६. त्याने तिच्यासाठी इथे नवा महाल बांधला, डोंगर फोडून पायऱ्यापायऱ्यांची बाग करायला घेतली आणि १६१५ साली तिच्या नावाचं एक दार उभारलं. ते दार एका रात्रीत उभं केलं अशी दंतकथा गावात सांगतात. पण १६१९ मध्ये बोहेमियाच्या लोकांनी त्याला आपला राजमुकुट देऊ केला आणि त्याने तो घेतला. मुकुट घेणं म्हणजे सम्राटाशी वैर. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या लढाईत त्याचा पराभव झाला. जेमतेम एक हिवाळा राज्य केलं, म्हणून त्याला 'हिवाळ्याचा राजा' हे नाव कायमचं चिकटलं. बाग अर्धवट राहिली ती राहिलीच.

१६२२ मध्ये सम्राटाच्या बाजूच्या सैन्याने हायडेलबर्ग घेतलं. गावातल्या मोठ्या चर्चमध्ये एक ग्रंथसंग्रह होता, सगळ्या युरोपात नावाजलेला. विजेत्यांनी तो पोपला भेट दिला. १६२३ साली हजारो हस्तलिखितं आणि पुस्तकं खेचरांच्या पाठीवरून आल्प्स पर्वत ओलांडून रोमला गेली. १८१६ साली त्यातली जर्मन भाषेतली हस्तलिखितं परत आली. बाकीचा मोठा भाग अजून तिकडेच आहे. ग्रंथालय लुटण्याने माणूस मरत नाही, पण गाव पोरकं होतं. हे वाचताना मला किल्ला पडल्यापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

आता येते ती या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती. तीस वर्षांचं ते युद्ध १६४८ साली संपलं आणि हिवाळ्याच्या राजाचा मुलगा कार्ल लुडविग परत आला. त्याने किल्ल्याची डागडुजी केली, उजाड मुलूख पुन्हा वसवायला घेतला. १६५२ साली त्याला इथे मुलगी झाली, एलिझाबेथ शार्लोट. घरातलं नाव लिझेलॉट. फटकळ, हसरी पोर. १९ वर्षांची झाल्यावर बापाने तिला फ्रान्सला दिली, १६७१ साली. नवरा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा सख्खा धाकटा भाऊ. हेतू सरळ होता. बलाढ्य शेजाऱ्याशी सोयरीक झाली की आपला मुलूख सुरक्षित राहील. पोरीने धर्मपंथ बदलला आणि लग्नाच्या करारात माहेरच्या मुलखावरचा हक्कही सोडला. आपल्याकडच्या राजघराण्यांतही लेकी अशाच तहाच्या कागदासारख्या दिल्या जात, त्यामुळे हे आपल्याला नवीन नाही.

कार्ल लुडविग गेला. त्याच्यामागून लिझेलॉटचा भाऊ १६८५ मध्ये निपुत्रिक वारला. गादी घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे गेली. तेव्हा चौदाव्या लुईने भावजयीच्या नावाने वारसा मागितला. तिने तो मागितला नव्हता, तिला तो नकोही होता. पण तिला विचारतो कोण? १६८८ च्या शरद ऋतूत फ्रेंच सैन्य पॅलाटिनेटमध्ये शिरलं. पुढे सगळे जर्मन राजे एकवटून चालून येताहेत असं दिसल्यावर फ्रेंचांनी ठरवलं, की मुलूख राखता येत नसेल तर तो असा बेचिराख करून सोडायचा की शत्रूच्या सैन्याला तिथे दाणावैरण मिळू नये. गावं, शेतं, पूल, चर्च, सगळं. २ मार्च १६८९ रोजी हायडेलबर्गच्या किल्ल्याला आग लावली गेली. त्याच मार्च महिन्यात इकडे तुळापूरच्या परिसरात संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण मला तारखा अशा शेजारी ठेवून पाहायची जुनी सवय आहे. जगाच्या दोन टोकांना दोन राजधान्या एकाच वेळी संकटात होत्या, एवढंच.

लिझेलॉट तेव्हा फ्रान्सच्या दरबारात, दिराच्याच छपराखाली. तिची हजारो पत्रं शिल्लक आहेत. त्या दिवसांत तिने मावशीसारख्या मायेच्या आपल्या आत्याला लिहिलं, की माझ्या नावाने माझंच माहेर जाळलं जातंय हे मला सहन होत नाही. रात्री डोळा लागला की आपण हायडेलबर्गलाच आहोत असं वाटतं, सगळा विध्वंस दिसतो आणि दचकून जाग येते, मग झोप नाही. दुःख उघड करायचीही सोय नव्हती, कारण दिराला ते रुचत नसे. १७२२ साली ती वारली. लग्नानंतरच्या ५० वर्षांत ती माहेरी एकदाही आली नाही.

१६८९ मध्ये फ्रेंचांची पाठ फिरताच गावकऱ्यांनी बऱ्याच ठिकाणच्या आगी विझवल्या. पण १६९३ साली फ्रेंच पुन्हा आले. या वेळी गाव जवळजवळ सगळंच जळलं आणि किल्ल्याचे बुरूज सुरुंग लावून उडवले. तो चिरलेला बुरूज तेव्हाचा. त्याची भिंत सुमारे साडेसहा मीटर जाड. ती इतकी मजबूत होती की सुरुंगाने चुरा झालाच नाही. अर्धा बुरूज फुटून एकसंध खंदकात घसरला, तो आजही तिथेच कलंडून पडलेला आहे. पॅरिसमध्ये या विजयाचं पदक पाडलं गेलं, 'हायडेलबर्ग नष्ट झालं' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं त्यावर कोरून. आणि इकडे या मुलखातले लोक पुढे कितीतरी काळ आपल्या कुत्र्यांना 'मेलाक' असं नाव ठेवत राहिले. मेलाक हा आगी लावणाऱ्या फ्रेंच सेनापतींपैकी एक. हरलेल्या माणसांचा सूड हा असा असतो!

गाव नंतर नव्याने वसलं. किल्ल्याचं मात्र बिनसलं ते बिनसलंच. १७२० मध्ये तिथल्या राजाचं गावातल्या प्रॉटेस्टंट लोकांशी मोठ्या चर्चच्या मालकीवरून भांडण झालं. तो स्वतः कॅथलिक. रागाने त्याने राजधानीच मानहाइमला हलवली. पुढचा राजा कार्ल थिओडोर. त्याने १७५१ मध्ये तळघरात लाकडी पिंप बांधवलं, सव्वादोन लाख लिटरच्या आसपास दारू मावेल एवढं. शेतकरी करापोटी जी द्राक्षाची दारू देत, ती सगळी त्यात ओतायची! ते पिंप अजून आहे आणि खरं सांगायचं तर पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापाशीच असते. या राजाच्या मनात पुन्हा किल्ल्यात राहायला यावं असं होतं. पण २४ जून १७६४ रोजी किल्ल्यावर वीज पडली आणि दुरुस्त केलेला भागही जळाला. त्याने तो दैवाचा कौल मानला आणि नाद सोडला.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शत्रूने जाळलं, आकाशातून वीज पडली, ही झाली दोन संकटं. तिसरं संकट घरातलंच होतं. राजाचा उन्हाळी वाडा श्वेट्सिंगनला चालला होता, त्यासाठी किल्ल्याचे घडीव दगड नेले. राजाने नेले, मग प्रजा कशाला मागे राहील? कुणाला घराला दगड हवा, कुणाला तुळई, कुणाला लोखंड. किल्ला म्हणजे गावाची फुकटची खाण झाली. यात कुणाला काही वाईट करतोय असंही वाटत नसणार. पडकी वास्तू, धनी नाही, आपल्याला गरज आहे... आपल्याकडच्या गडांच्या पायथ्याच्या गावांतून हिंडलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. उंबऱ्यात, पायरीत, गोठ्याच्या भिंतीत एखादा कोरीव दगड दिसतो आणि तो कुठून आला असेल हे कळतं.

हे थांबवलं कुणी? एका फ्रेंच माणसाने. हो, फ्रेंच! शार्ल द ग्रँबेर हा फ्रान्समधला सरदार, जन्म १७७४ चा. फ्रेंच राज्यक्रांतीत देश सोडावा लागलेल्यांपैकी एक. १८१० साली तो हायडेलबर्गला आला तो किल्ल्याची चित्रं काढायला. आला आणि राहिलाच, थेट मरेपर्यंत. काही वर्षं तर किल्ल्यातच बिऱ्हाड केलं. कुणी नेमलेलं नाही, पगार नाही, पण चौकात कुणी दगड काढताना दिसलं की हा जाऊन अडवायचा. किल्ल्याची चित्रं छापून विकली, त्यामुळे किल्ला दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाला आणि प्रवासी यायला लागले. किल्ल्याशी नि गावाशी संबंध असलेल्या जुन्या वस्तू त्याने पदरमोड करून गोळा केल्या, आज गावच्या संग्रहालयाचा पाया तोच संग्रह आहे. १८६४ साली तो वारला. किल्ल्यात त्याच्या नावाचा स्मृतिफलक लावलेला आहे. ज्या देशाच्या सैन्याने किल्ला उडवला, त्याच देशाच्या माणसाने त्याचे उरलेले दगड राखले. वर्गात असते तर हे वाक्य फळ्यावर लिहिलं असतं.

ग्रँबेरनंतर दिवस पालटले. कवी, चित्रकार यायला लागले. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८७८ मध्ये इथे येऊन राहिला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात या भग्न किल्ल्याचं भरभरून वर्णन केलं. त्याआधी १८७१ साली फ्रान्सचा पराभव करून जर्मनी एक झाला होता. आता पैसा होता, अभिमान होता, हिशेब चुकता करायची हौसही होती. फ्रेंचांनी पाडलं ते आपण पुन्हा उभारू, अशी मागणी जोरात सुरू झाली. १८९१ मध्ये जाणकारांची समिती बसली. तिने सांगितलं, की जे पडलंय ते पुन्हा बांधू नये, जे आहे ते सांभाळावं. फक्त चौथ्या फ्रीडरिशचा महाल शाबूत होता, त्याची दुरुस्ती करावी. ती झाली, म्हणून तो आज धडधाकट दिसतो. पण ज्या वास्तुविशारदाने ती केली, त्या कार्ल शेफरने मग ओटहाइनरिशच्या महालावरही छप्पर चढवायचा आराखडा मांडला.

तेव्हा श्ट्रासबुर्गचे एक प्राध्यापक, गेओर्ग देहिओ, उभे राहिले. १९०१ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे हरवलं ते हरवलं. आपण बांधू ते आपलं असेल, ओटहाइनरिशचं नसेल. त्या महालाचे माथे मुळात कसे होते यावरच जाणकारांचं एकमत नाही, मग बांधणार काय? कल्पनेतला महाल उभारण्यासाठी खरा अवशेष झाकून टाकायचा? जपा, नव्याने घडवू नका. मोठा वाद झाला, काही वर्षं चालला, आणि शेवटी देहिओंचं म्हणणं टिकलं. आजही त्या खिडक्यांतून आकाश दिसतं ते या निर्णयामुळे. मला यातली हिंमत मोठी वाटते. सत्ता हाती, पैसा हाती, आणि शेजाऱ्याचा राग ताजा असताना 'नको' म्हणायचं!

याचा अर्थ पुन्हा काहीच बांधू नये असा मी घेत नाही. त्याच गावातला नदीवरचा जुना पूल मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला. गावकऱ्यांनी वर्गण्या काढून तो दोन वर्षांत पुन्हा उभा केला. माणसांना नदी ओलांडायची होती. ड्रेस्डेनचं मोठं चर्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात कोसळलं, पन्नासेक वर्षं तसंच ढिगाऱ्यासारखं ठेवलं आणि मग २००५ पर्यंत पुन्हा बांधून काढलं. त्याचे मूळ नकाशे, फोटो हाताशी होते. पुन्हा बांधायचं की नाही याला सगळीकडे लागू पडेल असं एक उत्तर नसतं. पण प्रश्न कुठला विचारायचा हे हायडेलबर्गने शिकवलं. आपल्याला ठाऊक किती आहे? आणि हे बांधायचंय ते वास्तूसाठी, की आपल्या मनातल्या सलासाठी?

शाळेच्या सहली गडांवर नेत असू तेव्हा हमखास एखादं पोर विचारायचं, "बाई, हा वाडा परत का नाही बांधत?" प्रश्न प्रेमातून आलेला असायचा. रायगडावर तर नक्कीच. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी तिथली राजवस्ती जळाली, आता जोती उरली आहेत. त्या जोत्यांवर उभं राहून वर काय असेल ते पोरं आपापल्या मनात बांधत असत, आणि प्रत्येकाचा वाडा वेगळा असे. आपण एक पक्का वाडा बांधून दिला, तर ते शंभर वाडे पडतील. गडांची झीज थांबवावी, भिंती ढासळू देऊ नयेत, टाकी साफ ठेवावीत, दगड कुणाला नेऊ देऊ नये. हे काम कमी नाही. आज महाराष्ट्रात कितीतरी तरुण मंडळी रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जातात, कुणी नेमलेलं नसताना. त्यांच्याविषयी वाचलं की मला तो ग्रँबेर आठवतो.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. हायडेलबर्गमध्ये दर उन्हाळ्यात तीन वेळा रात्री किल्ल्यावर लाल रोषणाई करतात. नदीकाठी लोक दाटीने उभे राहतात, दिवे मालवले जातात आणि किल्ला पेटल्यासारखा लाल होतो. १६८९ आणि १६९३ च्या आगींची ती आठवण. त्यानंतर शोभेची दारू उडते, ती पाचव्या फ्रीडरिशने नवपरिणीत बायकोच्या स्वागतासाठी केलेल्या आतषबाजीची आठवण. मी गेले तेव्हा ती रात्र नव्हती, त्यामुळे फक्त फोटो पाहिले. तुमच्यापैकी कुणी ती प्रत्यक्ष पाहिली असेल, तर कसं वाटलं ते जरूर कळवा.